शेवट काउंटरवर मिळेल

दत्त्या,

तू गेलास यावर माझा विश्वास नाही. लोक असं दुःखानं म्हणतात, मी संशयानं म्हणतोय. दुःख आहे ते वेगळं, त्याचं मी बघून घेईन. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मला एकदाही सरळ उत्तर दिलं नाही, त्यानं भर दुपारी, जेवून, हात धुऊन, "जरा पडतो" म्हणून वहिनींना सांगून इतकं सरळ मरावं? काहीतरी गोम आहे.

दवाखान्यात डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. ही नळी, इथं अडकलं, इथून पुढं रक्त बंद. मी आयुष्यभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडतोय. उघडली आणि कारण सापडलं नाही अशी मोटार अजून जिल्ह्यात जन्मली नाही. तरी त्या चित्राकडं बघताना पहिल्यांदाच वाटलं, हे कारण जरा जास्तच सोपं आहे. तू एका नळीवर जाशील? नळी काय, तू अख्ख्या नळपाणी योजनेवर गेला नसतास.

मग दहावा. पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरकलो. मी डबा घेऊन, टोपी घालून, संध्याकाळपर्यंत बसायच्या तयारीनं आलो होतो. म्हटलं, एवढे वाद अर्धे टाकून गेलेला माणूस, हा कावळ्याला लवकर शिवू देतोय होय! पण कसचं काय? पळीभर पाणी सोडून होतंय तोवर घाटावरचे सगळे कावळे तुझ्या पिंडावर असे तुटून पडले की शेजारच्या दोन पिंडांकडं बघायला एकही उरला नाही. गुरुजी म्हणाले, "आत्मा तृप्त आहे." मी वहिनींकडं बघितलं.

"भावजी, असं काय बघायलाय? सुखानं गेले ते."

सुखानं! माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडं इतकी वर्षं अडकलंय, ते न देता तू सुखानं गेलास? तिथंच माझा संशय पक्का झाला. कावळ्यांना तू आधीच पटवून ठेवलं होतंस.

प्रश्न कुठला ते तुला माहीत आहे. बाकीच्यांना सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणारे म्हणतील, म्हातारा मेलेल्या माणसाशी उगाच भांडतोय.

शाहूपुरीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून तुझी लायब्ररी. लायब्ररी म्हणायचं ते बोर्डावर लिहिलं होतं म्हणून. आत एक टेबल, एक खुर्ची, एक बाक आणि छतापर्यंत भुतं. तशी बाकीचीही पुस्तकं होती, पण ती दारात, पोलीस लावावेत तशी, चारचौघांना दाखवायला. खरा माल आतल्या भिंतीला. हाताच्या पंजाएवढी भयकथांची पॉकेटबुकं, कागद असा की जिलबी बांधली तर जिलबीनं तक्रार करावी. एसटी स्टँडवर नवीन गठ्ठा उतरायचा तेव्हा तू गठ्ठ्याच्या आधी जाऊन उभा असायचास. वरच्या चित्रात ठरलेली बाई. पांढरी साडी, मोकळे केस, डोळ्यांत दोन लाल दिवे, मागं चंद्र, आणि चंद्राच्या आड एखादा सांगाडा चोरून बघतोय. मागच्या पानावर केस वाढवायच्या तेलाची जाहिरात. मी म्हणायचो, पुढच्या बाईला हेच तेल लावलंय.

मुखपृष्ठ फाटलं की तू ते थेटराचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून पुठ्ठ्यावर नव्यानं रंगवून घ्यायचास. तो पुस्तक वाचायचा नाही. त्याच्याकडं त्या आठवड्याच्या सिनेमाचा जो रंग उरला असेल तो तुझ्या भुताला. त्यामुळं तुझ्याकडच्या अर्ध्या हडळी नायिकेसारख्या दिसायच्या आणि एका वेताळाच्या हातात तर बंदूक होती. तुझी गिऱ्हाइकं तीही मुकाट्यानं घरी न्यायची. वाचून झाल्यावर एकानं विचारलं होतं, "दत्तोबा, बंदूक कुठल्या पानावर हाय?" तू त्याला डोळा न हलवता सांगितलंस, "ती दुसऱ्या भागात हाय." दुसरा भाग नव्हताच कधी.

कोण वाचत नव्हतं? उसाचे ट्रकवाले, कॉलेजची पोरं, गणिताचे मास्तर, भाकऱ्या थापून झालेल्या बायका, बँकेतला कॅशियर. एक फौजदार पुस्तक परत करायला यायचा तो दोन हवालदार बरोबर घेऊन, एकट्यानं गल्लीत शिरायची त्याची छाती होत नव्हती. गंगावेशीत एका म्हशीनं दूध द्यायचं बंद केलं, कारण तिचा मालक धार काढताना मोठ्यानं वाचायचा. खोटं वाटेल त्यानं त्या म्हशीला विचारावं. आणि मुलांनी हे वाचू नये म्हणून शाळेत भाषण देणारे एक गुरुजी आठवड्याला दोन न्यायचे, धोतराच्या सोग्यात गुंडाळून. हसत बसू नकोस, तूच मला सांगितलं होतंस. म्हणजे तेही खरं असेलच असं नाही.

आता मुद्दा. तुझ्या एकाही भुताच्या पुस्तकाला शेवटचं पान नव्हतं.

एका पुस्तकाला नसतं तर समजलो असतो. ती बांधणी, तो कागद, चार हातांतून गेलं की पानं गळणारच. पण भिंतभर पुस्तकं आणि नेमकं शेवटचं पान सगळ्यांचं गळतं? पहिलं पान गळत नाही, मधलं गळत नाही. आणि जिथं ते गळलंय त्याच्या समोर, आतल्या पुठ्ठ्यावर, तुझा जांभळा रबरी शिक्का. "शेवट काउंटरवर मिळेल."

आणि मिळायचा! पुस्तक परत आलं की तू ते हातात घ्यायचास, बंद करायचास, त्यावर पंजा ठेवायचास आणि शेवट सांगायचास. गिऱ्हाईक बाकावर. त्याच्या मागं ज्यांचं पुस्तक अजून वाचून झालेलं नाही ते कानात बोटं घालून उभे, पण बोटं अशी सैल की वारा आरपार जावा. मी मोटार सोडून भिंतीला कान लावायचो. माझ्या हाताखालच्या माणसांनी तुझ्या शेवटांपायी किती मोटारींची वायर उलटी गुंडाळली असेल! करवीर तालुक्यातल्या काही विहिरींना अजून पाणी वर न येता खाली जातंय ते त्यामुळंच.

मी पहिल्या महिन्यातच विचारलं होतं. "दत्त्या, पानं तू कापतोस."

"गळत्यात."

"ब्लेडनं कापल्यासारखी गळतात?"

"कागद चांगला असला की सरळ गळतंय."

मग मी सापळा लावला. स्टँडवरून नवं कोरं पुस्तक घेतलं, शेवटचं पान नीट वाचलं, आणि तुला लायब्ररीला भेट म्हणून दिलं. तू केवढा खूष झालास. मला चहा पाजलास, वर भजी. आठवड्यानं जाऊन बघतो तर शेवटचं पान गायब आणि शिक्का ओला. मी पुस्तक तुझ्या नाकासमोर धरलं.

"हे पण गळालं?"

"गळालं की."

"नवं पुस्तक, दत्त्या! उन्हाळ्यात! कशानं गळालं?"

"तुझ्या मोटारींनी. दिवसभर भिंत थरथरायलीय. पुस्तकास्नी काय जीव हाय का न्हाई?"

मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि निघालो.

पण मला अर्धं कोडं सुटलं होतं. त्या पुस्तकात चिंचेखाली एक बाई रोज दिवेलागणीला रडते. सगळा गाव घाबरून घरात. छापलेल्या शेवटच्या पानावर काय, तर ती बाई नव्हतीच, इनामदाराचा चुलतभाऊ साडी नेसून रडत होता, जमीन मिळावी म्हणून. फौजदार येतो, पदर ओढतो, मिशा दिसतात, समाप्त. आणि तू त्याच दिवशी बाकावरच्या माणसाला काय सांगितलंस? ती बाई खरीच मेलेली होती, तिचं बाळ गावात कुणाच्या तरी घरी वाढत होतं, आणि ती रडत नव्हती, अंगाई म्हणत होती, लांबून ऐकणाऱ्यांना ते रडणं वाटायचं. तो माणूस डोळे पुसत गेला. गुळाच्या अडतीचं दुकान होतं त्याचं. दगड माणूस.

मग मी जिथं मिळेल तिथं शाबूत पुस्तकं शोधून वाचायला लागलो. सगळीकडं तेच. चुलतभाऊ. चुलतभाऊ नसेल तर मुनीम, मुनीम नसेल तर तस्कर, पण भूत कुठंच नाही. या लेखकांना अख्खं पुस्तकभर भूत पाहिजे आणि शेवटच्या पानावर अब्रू. पोटापाण्यासाठी घाबरवायचं आणि मग सभ्य माणसासारखं सांगायचं, घाबरू नका, जगात असलं काही नसतं. मला ते शेवट आवडायचे, हे तुला ठाऊक होतं. मोटार उघडली, कारण सापडलं, बिल केलं. माझा जन्मच त्या शेवटच्या पानाचा.

म्हणून प्रश्न हा नव्हता की तू कापतोस का. ते मला पक्कं माहीत होतं. प्रश्न हा होता की का कापतोस.

माझ्या संशयांची यादी तुला पाठ होती. पहिला, धंद्याची युक्ती, शेवटासाठी माणूस पुस्तक वेळेवर परत आणतो. यावर तू म्हणालास, "मग तू पण मोटारीचा एक बोल्ट ठेवून घे की." दुसरा, तू कापलेली पानं साठवून ठेवतोयस आणि एक दिवस नुसत्या शेवटांचं पुस्तक काढणार आहेस. तू म्हणालास, "भारी कल्पना हाय, तूच काढ." काही वर्षं तर मला वाटलं की ही पुस्तकं लिहिणारा तूच आहेस, टोपणनावानं, आणि आपलेच शेवट तुला आवडत नाहीत. त्यावर तू इतका हसलास की खुर्चीचा पाय मोडला. खुर्ची तुटली म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही, दत्त्या.

पन्हाळ्याची ती दुपार आठवते? धुकं असं की आपलाच हात चोरीला गेल्यासारखा वाटत होता. आपण कणसं घेऊन तटाला टेकलो, आणि तू कणीसवाल्याला गोष्ट सांगायला लागलास. तटाच्या पलीकडून कोण तरी चालतंय, थांबतंय, श्वास घेतंय, अशी. बघता बघता आजूबाजूला पर्यटकांचा घोळका. आणि नेमकं तेव्हाच पलीकडून पावलं वाजली. थांबली. मोठा श्वास. कणीसवाला गाडी, शेगडी, मीठ-लिंबू, सगळं सोडून पळाला. पर्यटक त्याच्या पुढं. मी नाही पळालो. मी ओळखलं, तू माणूस पेरलायस. वळसा घालून पलीकडं गेलो. म्हैस होती.

विजयानं परत आलो. "म्हैस आहे, दत्त्या! म्हैस!"

तू शांतपणे कणसाचे दाणे काढत होतास. म्हणालास, "म्हैस हाय हे खरं. पण कुणाची?"

मी रागानं घरापर्यंत बोललो नाही. पण खरं सांगू? गाडीत बसल्यावर तीनदा मागं वळून बघितलं. कुणाची असेल?

मंगल गेली तेव्हा तू दुकानात येऊन बसायचास, रोज, दुपारचा. मोटारींच्या मधे स्टूल टाकून. एक शब्द नाही. तुझ्यासारख्या माणसाला गप्प बसायला किती त्रास झाला असेल. एके दिवशी तू माझ्या टेबलावर एक पुस्तक ठेवलंस. "वाच. शेवट मी सांगतो." मी म्हटलं, "माझी बायको गेलीय आणि तू मला भुतं देतोस? दुःखात पण गिऱ्हाईक करतोस मला?" तू पुस्तक उचललंस, खिशात घातलंस आणि परत गप्प बसलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास, पुस्तकाशिवाय. स्टुलावर. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिलेत. तुझ्या हयातीत मानले असते तर तू म्हणाला असतास, "कशाला? स्टूल तुझंच होतं."

मग टीव्ही आला, केबल आली, हातात मोबाइल आले. बाक रिकामा झाला. तरी तू उघडायचास. मधे पुण्याहून एक दाढीवाला तरुण आला, म्हणाला ही विंटेज पुस्तकं आहेत, मी जमवतो, अख्खी भिंत घेतो. मला वाटलं, सुटलो, आता दत्त्या घरी बसेल. त्यानं एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. "काका, यांना शेवटचं पान नाही." तू म्हणालास, "बाकावर बस. कुठल्याचा पाहिजे?" तो बसला नाही.

आणि तो शेवटचा चहा. तू जायच्या आदल्या दिवशीचा. मी पुन्हा विचारलं, का. तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस.

"बाळ्या, तुला सारखं कारण कशाला पाहिजे असतंय रं?"

"मोटार जळली की कारण लागतंच."

"आणि चालू मोटारीचं? ती का चालायलीय हे कधी इचारलंयस?"

मी म्हटलं, हे उत्तर नाही. तू म्हणालास, उद्या देतो. उद्या काय दिलंस ते बघतोच आहे मी.

वहिनींनी दहाव्यानंतर किल्ली माझ्या हातात ठेवली. "भावजी, मंगळवारी रद्दीवाला येणार हाय. सगळं बघून द्या त्याला. मला तिथं पाऊल टाकवत न्हाई."

मी हो म्हटलं, आणि माझा संशय टुणकन उठून बसला. कापलेली पानं! ती सापडली की तू सापडलास. सोमवारी सकाळी कुलूप काढलं आणि दुकानाची अशी झडती घेतली की आयकर खात्यानं माझ्याकडं शिकवणीला यावं. टेबलामागं, फळ्यांवर, बाकाखाली, पोटमाळ्यावर. एक पान नाही. शेवटी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, दत्त्या घरी कागद आणायचा का? सुटी पानं?"

"रोज आणायचे की. पिशवीभर."

मी फोन कानाशी दाबला. "कुठं ठेवायचा?"

"ठेवत्यात कुठं? बंबात. त्यावरच बंब पेटायचा आमचा. म्हणायचे, ह्या कागदाला दुसरा काय उपेग न्हाई."

दत्त्या! इतके चुलतभाऊ, इतके मुनीम, इतके फौजदार, आणि त्यांच्यावर तू आंघोळीचं पाणी तापवलंस! मी बाकावर बसलो आणि हसायला लागलो, आणि ते हसणं कुठं वळलं ते सांगत नाही. पुरावा जळाला होता. आरोपी गेला होता. खटला संपला. आता हे "का" माझ्याबरोबरच स्मशानात यायचं.

तेवढ्यात दारात आक्का.

आक्का म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवणारी. रविवारी वर गर्दी, म्हणून सोमवारी खाली उतरायची, तुझ्या उरलेल्या गिऱ्हाइकांतली शेवटची. हाताच्या रेषांत कायमचा गुलाल. तिनं तुझ्या खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वर कळलं मला. बसमधल्या बाईनं सांगितलं." तिनं पदर तोंडाला लावला. मग पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे माझ्याकडं ऱ्हायलंतं. वाचून झालंय."

"असू दे आक्का. ठेवा तुम्हालाच. उद्या सगळं रद्दीत चाललंय."

"ते चालू दे. शेवट?"

"काय?"

"शेवट सांगा की, बाळासाब. मी पायरी उतरून आलोय ती काय पुस्तक ठेवायला?"

मी पुस्तक बघितलं. 'उंबऱ्याच्या आतली पावलं'. मला माहीत होतं ते. एका म्हातारीचा मुलगा विहिरीत बुडून गेलेला. तेव्हापासून दिवेलागणीला बंद घरात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पावलं वाजतात. म्हातारी दार लावून बाहेर बसते. शेवटी एक दिवस ती उठते, कडीला हात घालते, दार उघडते, आणि तिथं पान कापलेलं. छापील शेवट मी वाचला होता. माझ्या लाडक्या जातीचा. मी खाकरलो, तुझ्या खुर्चीत बसलो.

"तर आक्का, दार उघडलं. आणि आत त्या मुलाचा..."

"चुलतभाऊ," आक्का म्हणाली.

मी पुस्तकावरून मान वर केली.

"चुलतभाऊच असतोय. खडावा घालून चालतोय, म्हातारीनं जमीन लिहून द्यावी म्हणून. माझ्या जावयाच्या घरात ह्ये पुस्तक अख्खं हाय, मी वाचलंय. मला काय चुलतभाऊ बघायचाय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? दत्त्या पानं कापतो ते?"

"सगळ्यास्नीच माहीत होतं. तुमालाच काय ते लई मोठं गुपित वाटायचं. आमी हसायचो."

घ्या! मी आयुष्यभर भिंतीला कान लावून बसलेला गुप्तहेर, आणि भिंतीपलीकडं अख्खा बाक माझ्यावर हसत होता. तूही त्यात असणार.

"मग आक्का, माहीत असून येत होता कशाला?"

ती बाकावर बसली. गुडघ्यावर हात ठेवून.

"आमचे मालक गेले तवापासनं येतोय मी हितं. छापलेल्या शेवटात गेलेलं माणूस येतच न्हाई बघा. सगळं फसवाफसवी निघतंय. दत्तोबाच्या शेवटात एकदा तरी येऊन जातंय. घरात बसतंय. दोन शब्द बोलतंय. मग जातंय बिचारं."

"आणि भ्या नाही वाटत?"

"वाटतंय की! भ्या वाटायलाच तर येतो. त्या रात्री घरात भांडं वाजलं तर अंगावर काटा येतोय. बरं वाटतंय. भ्या वाटलं म्हंजी कोणतरी हाय."

दत्त्या, तुझं उत्तर आलं. तुझ्याकडून नाही आलं, डोंगरावरून उतरून आलं, पण आलं. आणि ते ऐकताना माझ्यासमोर तू नव्हतास, मंगल गेली तेव्हा तू माझ्या टेबलावर ठेवलेलं आणि मी नाकारलेलं ते पुस्तक होतं. तू मला गिऱ्हाईक करत नव्हतास. तू मला मंगल एकदा दुकानात आणून देणार होतास. मला अजूनही कळत नाही, इतकं साधं तोंडानं सांगायला तुला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा भाग वेगळा.

"सांगा आता," आक्का म्हणाली.

गावात माझ्याइतक्या थापा कुणी मारल्या नसतील. गंगावेशीच्या म्हशीपासून फौजदारापर्यंत, शब्द कधी कमी पडला नाही. आणि तुझ्या खुर्चीत, एका म्हातारीसमोर, मी पहिल्यांदाच शब्द तोलायला लागलो. कारण ही थाप नव्हती. काही चुकलं तर तिच्या घरातलं माणूस परत फिरलं असतं. मी पुस्तकावर पंजा ठेवला, तू ठेवायचास तसा. बाहेर शाहूपुरी नेहमीसारखी बोंबलत होती, हॉर्न, हातगाड्या, माझ्या दुकानातला ग्राइंडर.

"म्हातारीनं दार उघडलं," मी म्हणालो. "आत अंधार. आणि खुर्चीत तो."

"कोण?"

"तोच."

आक्का पुढं सरकली. "काय करायलाय?"

"बसलाय. अंग ओलं आहे, पण जमीन कोरडी. म्हातारी म्हणाली, इतके दिवस चालत होतास, आज बसलास? तो म्हणाला, तू दार लावून घ्यायचीस, मग चालत राहायचो."

"व्हय," आक्का अगदी हळू म्हणाली. "मग?"

मग काय, हे मला माहीत नव्हतं. मला त्याच्या तोंडी पुष्कळ घालायचं होतं. कबुली घालायची होती, खुलासा घालायचा होता, आभार घालायचे होते, दोन शिव्या घालायच्या होत्या. यातलं एकही त्या मुलाचं नव्हतं. मी म्हणालो, "त्यानं पाणी मागितलं. म्हातारीनं तांब्या दिला. तो प्यायला." आणि थांबलो. आता तो उठणार, उंबरा ओलांडणार, म्हातारी बघत राहणार, तू नेहमी करायचास तसं. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं.

आक्कानं हात वर केला. गुलालाचा हात.

"बसू दे त्याला, बाळासाब. लगीच उठवू नगासा."

मी नाही उठवला. आक्का बाकावर, मी खुर्चीत, आणि तो तिथंच. शेजारी माझ्या माणसानं ग्राइंडर बंद केला असावा, कारण भिंतीची थरथर एकदम थांबली. खरंच त्यानं बंद केला का, हे उठून जाऊन बघता आलं असतं. कारण सापडलं असतं. मी गेलो नाही.

माझ्या अंगावर काटा आला, दत्त्या. मानेपासून खाली, सरसरून. भ्या वाटलं.

बरं वाटलं.